जेवून येतो

पंखा आधी खोकला, मग घरघरला,
आणि पलंगाखालच्या खोक्यात पंचवीस वर्षं झोपलेला संगणक
एकदाचा जागा झाला.
समोरच्या मोक आजोबांच्या नातवाने वायर शोधून दिली होती.
म्हणाला, हा म्युझियमला द्या.
मी म्हटलं, आधी एक विमान उतरवायचंय.

उतरवायचंय, कारण ते अजून वर आहे.
दादाने वर ठेवलंय.
यादीत एकच फाइल, नाव : 'जेवून येतो'.
सत्त्याण्णवचा मे.
जूनमध्ये तो टोरांटोला गेला,
ह्याच धावपट्टीवरून, खऱ्या विमानाने,
आणि जेवून काही आला नाही.

फाइल उघडली. हे म्हणे काउलून.
राखाडी ठोकळे, मोजून अकरा.
समुद्र म्हणजे नुसता एक रंग.
टेकडीवरच्या लाल-पांढऱ्या चौकड्या तेवढ्या
कुणीतरी मन लावून काढल्यात.
दादा सांगायचा : नाक चौकड्यांवर धर,
धीर सुटेपर्यंत धर,
मग उजवीकडे वळ.
उशीर झाला तर टेकडी,
घाई केलीस तर कुणाची तरी गच्ची.

गच्ची आमचीच होती.
आई बांबूवर चादरी वाळत घालायची
आणि पोटं चमकवत विमानं अशी खाली यायची
की चादरी आधी फुगायच्या, मग आवाज यायचा,
मग रॉकेलसारखा तो वास, धुतलेल्या कपड्यांना.
खेळात गच्ची नाही.
नाम कोक रस्ता नाही, दुकानात उलटी टांगलेली बदकं नाहीत.

पी दाबला. विमान हललं.
पहिल्यांदा टेकडीत.
दुसऱ्यांदाही टेकडीतच.
काचेला तडा जातो, चित्रातल्या,
आणि पुन्हा तेच नऊशे फूट, चाकं खाली,
सगळी तयारी त्याची, माझं काम फक्त वळायचं.
तिसऱ्यांदा फार लवकर वळले,
एका ठोकळ्यातून आरपार गेले
आणि काहीच झालं नाही.
आत कुणी राहतच नव्हतं.

आम्ही राहत होतो तिथे बोलणंसुद्धा तुकड्यांनी व्हायचं.
दोन मिनिटं बोलायचं, अर्धं मिनिट विमानाचं.
थांब असं कुणी म्हणायचं नाही,
चॉपस्टिक हवेत, तोंड उघडं,
विमान गेलं की वाक्य जिथे ठेवलं होतं तिथून उचलायचं.
दादाने तसंच सांगितलं होतं. 'मी कॅनडाला'
आणि वरून सिंगापूरचं मोठं धूड गेलं,
मग 'जायचं म्हणतोय.'
मधल्या अर्ध्या मिनिटात
आईने चेहरा नीट करून घेतला होता.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत विमानतळ बंद झाला.
त्या आठवड्यात गल्लीत कुणाला झोप लागली नाही.
आता धावपट्टीच्या टोकाला जहाजं लागतात, पांढरी, इमारतींएवढी,
आणि आम्ही बाविसाव्या मजल्यावर, दुसऱ्याच बाजूला,
जिथे खिडकी उघडली तरी वाराच येतो.

चौथ्यांदा. आवाज जरा वाढवला.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली,
"आ-लिंग, ती मासेवाली सांगत होती की"
आणि थांबली.

स्पीकरमधून ते डब्यात अडकलेल्या माशीसारखं इंजिन.
शहाऐंशी वर्षांची, एकाच कानाने ऐकणारी आई,
हातात पळी, पळीतून सूप ठिबकतंय,
नजर छताकडे.
चौकड्या मोठ्या होत होत्या.
एकेक चौकडी मोजता यायला लागली.
वळायची वेळ हीच.

मी पी दाबला.

"की कोळंबी आता शुक्रवारीच येते,"
आई म्हणाली, आणि गॅस बंद केला.

फाइल पुन्हा ठेवून दिली, त्याच नावाने,
आणि हात धुवायला उठले.