एक ‘प’ कमी

तिकीट वीस रुपये, म्हाताऱ्यांना दहा.
मी देतो म्हणालो, तरी आईनं कमरेची पिशवी सोडली,
नाणी मोजून खिडकीत सरकवली.
शेडमध्ये शिरायला पैसे पडतात, हे तिला नवीन होतं.

भिंतींना आता पांढरा चुना.
ज्या खड्ड्यात उतरून माणसं राख ओढायची
तिथं गुळगुळीत गोटे, जास्वंदीच्या कुंड्या.
छपराच्या पोटाला मात्र,
जिथं धुराडी तोंड उघडून उभी राहायची, तिथं
काजळी तशीच आहे.
शिडी पुरली नसेल.

इंजिन इतकं चकचकीत, की आई म्हणाली,
“हे कामातलं नव्हे.”
पितळेच्या पट्टीत तिचा चेहरा लांबडा दिसला, तेव्हा हसली.
शाळेच्या पोरांनी बटण दाबलं,
स्पीकरमधून शिट्टी आली.
आईनं मान हलवली:
“ह्याच्यात पाणी नाही.”

गाईड, येमूल आडनावाचा कोवळा पोरगा,
फायरमन एका फेरीत किती कोळसा मारायचा
ते टनात सांगत होता.
आमच्या घरी त्याचं माप वेगळं:
रात्री पाठीला अर्धी वाटी करडईचं तेल.
लांबची फेरी असली, की पाऊण.

मग काचेच्या पेटीतली ती वही.
कॉलबुक.
रात्री-अपरात्री कॉलबॉय कंदील घेऊन क्वार्टरांमधून फिरायचा,
कडी वाजवून गाडीची वेळ सांगायचा
आणि वहीत सही घ्यायचा:
उठलो आहे, येतो आहे.
पान एकच उघडं. ऑगस्टातले पंधरा दिवस.
खाली पाटी:
एकाच फायरमनच्या सह्यांतला फरक पाहा.
थकव्याचा परिणाम असावा.

आईनं काचेवर बोट ठेवलं.
“थकवा कसला? हे माझं हाय.”

चनबसप्पा. चनबसप्पा. चनबसपा.
चनबसप्पा. चनबसपा. चनबसपा.

मी तिच्याकडं बघत राहिलो.
पेन्शनच्या कागदावर, बँकेत, रेशनच्या दुकानात
जिचा अंगठा मी धरून टेकवला,
अप्पांचं नाव जिनं जन्मात तोंडानं घेतलं नाही,
हळदीकुंकवाला बायका अडून बसल्या तरी नाही,
ती हे सांगत होती.

“डब्यावर कोरलेलं होतं त्यांचं नाव.
बोट फिरवून फिरवून शिकले.
भांडेवाला अक्षरामागं पैसे घ्यायचा,
तुझ्या आजीनं एक प वाचवला.”

“आणि कॉलबॉय?”

“दस्तगीर? त्याला काय कळत नव्हतं?
तोंड तिकडं करायचा, कंदील इकडं धरायचा.
सही झाली, की म्हणायचा,
साहेब उठले बरं का.
साहेब घोरत असायचे.
मी चूल पेटवायची, भाकरी बांधायची,
चटणीची पुडी ठेवायची,
मग हलवायची.
तेवढीच पाच मिनिटं.”

तिला मागचं पान बघायचं होतं.
येमूल म्हणाला, पेटीला कुलूप आहे, किल्ली पुण्याला.
“बरं,” म्हणाली, पण हलली नाही.
काचेवरून बोट फिरवत राहिली,
ज्या रात्री दोन प आहेत
त्या कुठल्या, ते आठवत.
“ह्या दिवशी त्यांनीच केली.
ह्या दिवशी मी माहेरी होते बहुतेक.
आणि हे… हे तू पोटात होतास,
तेव्हा तेच उठायचे.”

दाराशी अभिप्रायाची जाड वही, दोरीनं बांधलेलं पेन.
लोकांनी लिहिलंय, छान. खूप छान. पंखे लावावेत.
मी पेन तिच्या हातात दिलं.
तिनं ते नीट धरलं,
दोन बोटांत, सवयीचं असल्यासारखं,
आणि परत ठेवलं.
“आता कशाला?
उठवायचंय कुणाला?”

बाहेर सोलापूरचं ऊन, कडुलिंबाखाली एक बाक.
रिक्षा येत होती.
आई बाकावर टेकली,
“पाच मिनिटं,” म्हणाली आणि डोळे मिटले.
मी रिक्षावाल्याला हातानं थांब म्हणालो.
आत पोरांनी पुन्हा बटण दाबलं.