एकवीस मिनिटं

मे महिना. पंखा गरम हवाच ढकलतोय
आणि मी बर्फ लिहितेय.
गुडघाभर बर्फ, पहाटेचे साडेचार,
पावाच्या रांगेत तास्या,
तळहातावर शाईच्या पेन्सिलीनं आकडा: तीनशे बारा.
आकडा पुसला तर रांग गेली,
म्हणून ती मूठ मिटत नाही.

बाहेर अशोक चौकापर्यंत यंत्रमागांची खटखट,
टॉवेलामागून टॉवेल.
ओला पंचा माझ्या डोक्यावर,
शब्दकोशावर घामाचं बोट.

गोष्ट छोटीच. साडेसहा पानं.
लढाईचं दुसरं वर्ष, कापडगिरणी, सैनिकांचे कोट.
तास्या साच्यावर पोचते एकवीस मिनिटं उशिरा.
वीस चालली असती.
एकविसाव्याला कोर्ट.
न्यायाधीशाच्या बुटाचा तळ पुठ्ठ्याचा,
तो मान वर न करता सही करतो:
सहा महिने, पगारातला चौथा हिस्सा कापून.
ती त्याच साच्यावर परत येते.
धागा तुटलेला असतो. जोडते.
संपली.

मी अडलेय एका शब्दाशी,
कारकून तिच्या नावापुढे लिहितो त्या.
‘विलंब’ लिहिला की फलाटावरची घोषणा वाटते,
‘उशीर’ म्हणजे आमटी करपण्याइतकाच.

खाली उतरले, पोशव्वा येमूलकडे.
जुन्या मिलमध्ये अकरा वर्षं, मिल बसल्यावर विड्या.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटं डोळ्यांना न विचारता चाललेली.
सगळी गोष्ट सांगितली तिला.

“पोर होतं का तिला?”
होतं. शेजारणीकडं ठेवलेलं.
“पाव गावला?”
मी पानं उलटसुलट केली. ते लिहिलेलं नाही.
“बग की. तेवढंच लिवायला पायजे होतं.”

मग म्हणाली, आमच्यात खाडा लिवायचे.
आणि लगेच स्वतःच मान हलवली,
“खाडा म्हंजे आलीच नाही. ही तर आली की.”

तिची आई त्याच लढाईत खाकी विणायची,
गोऱ्या सायबाच्या फौजेला.
रंग इतका कच्चा
की रात्री थुंकली तरी खाकीच.
गेट मिटलं की बाहेर रडायची, म्हणे,
घरी येऊन नाही.

“मालक लई वाईट आसंल तितला.”
मालक नव्हता, पोशव्वा.
तिथं गिरणी कामगारांचीच होती.
तिनं विडीचं तोंड नखानं आत दाबलं,
दोरा गुंडाळला, दातानं तोडला.
“मग भोंगा कुनाचा?”

अण्णांकडे उत्तर असतं.
त्यांच्या ट्रंकेत होती रशियाची गुळगुळीत पुस्तकं,
तीन रुपयांत एक,
आणि त्यांतल्या प्रत्येक गोष्टीत भोंगा
पहाटेच्या पाखरासारखा वाजायचा.
कुणी उशिरा आलंच नाही त्यांत, कधीच.
ही गोष्ट त्या ट्रंकेत नव्हती.
असती तर अण्णांनी वाचून
काय केलं असतं, मला माहीत नाही.
चष्मा पुसला असता. एवढं नक्की.

पोशव्वानं डब्यातली कडक भाकरी मोडली,
अर्धी माझ्यापुढं सारली, वर शेंगाचटणी.
भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला,
तेव्हा कळलं, लाइट गेलेत.
गल्लीभर एकही माग चालत नाही.

अंधारात ती मोजत होती,
ओकटी, रेंडु, मूडु,
पंचवीसची जुडी बांधेपर्यंत
कुणाशी बोलायचं नसतं.

मी वर आले. कागद तसाच.
तास्याच्या नावापुढं
बोटभर जागा सोडलीय.