नऊ मिलिमीटर

कुहमोच्या भंगारवाल्याकडे ती साब उभी होती,
तोंडाचा चेंदामेंदा झालेली. मूस आडवा आला होता म्हणे.
आतलं मात्र सगळं जागच्या जागी:
करड्या कातड्याच्या दोन सीटा,
रुळाच्या खोबणीत केसांची एक पिन
आणि खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी, दगड झालेली.
एर्क्कीनं दोनशे युरो सांगितले.
मी दीडशे मोजले, आणि त्याच्या आईचं वॉशिंग मशीन
कुणी फुकटात दुरुस्त केलं होतं ते आठवायला लावलं.

तू घरी झोपला होतास. मंगळवार होता.
सोमवार, बुधवार, शुक्रवार आपलं काजानी:
शंभर किलोमीटर, मग चार तास त्या यंत्राला बांधलेलं राहणं,
आणि परतीच्या वाटेवर तुला जी हुडहुडी भरते
ती बाहेरच्या उणे सत्तावीसची नसते.
रक्त बाहेर हिंडून आलेलं असतं, त्याची असते.
आपल्या हायलक्सचा हीटर फक्त काच आणि पायाची बोटं ओळखतो.
तू अंग चोरून बसतोस, दोन ब्लँकेटांत, आणि म्हणतोस, बरंय.
चाळीस वर्षांत तुझं 'बरंय'
मला तारेसारखं सोलता यायला लागलंय.

आधी बॅटरी सोडवली. दहा मिनिटं थांबले.
एअरबॅगचा पिवळा प्लग थंड डोक्यानंच काढायचा असतो.
मग सीट हायलक्सच्या तळावर टेकवली
तर चारांतलं एकही भोक जुळेना.
पुढची दोन नऊ मिलिमीटरनं आत.

नऊ मिलिमीटर.
जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून
हेल्व्हीबद्दल असंच काहीसं सांगितलं होतं.
सख्खी बहीण, हसत द्यायला निघालेली,
पार्किंगमध्ये तासभर रडत बसली.
तेव्हा माझ्या हातात ग्राइंडर नव्हता.

लोखंडाचं बरं असतं, त्याला तापवून समजावता येतं.
पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली,
काळ्या काचेआडून दोन्ही टोकं एकमेकांत वितळताना पाहिली.
दुपारी तीनलाच अंधार.
पाना चौथ्या बोल्टवर कट्ट वाजला
आणि मी एकटीच, गॅरेजमध्ये, मोठ्यानं "हं" म्हणाले.

तारांच्या बाबतीत तुझी सीट सरळ निघाली. माझीच आडमुठी.
तिच्या पोटातला छोटा संगणक
जुन्या गाडीची खूण मागत राहिला.
ती खूण इथं कुणाला ठाऊक?
दिवा लागेना, मोटर हलेना.
लाकूडगिरणीत एकतीस वर्षं मी वीज सांभाळली,
जो ऐकत नाही त्याला वळसा घालायचा.
काढला त्याला. रिले टाकले, तीस अँपिअरचा फ्यूज,
जाड लाल तार थेट बॅटरीपासून.
आता आठवणीची ती बटणं, एक, दोन, तीन, नुसतीच शोभेला.
कुणाची पाठ किती कललेली, कुणाचे पाय किती लांब,
ते सगळं संगणकाबरोबर बिस्किटांच्या डब्यात.
पिन मात्र टाकवली नाही. आरशाच्या दांडीला अडकवलीय.

बुधवारी तू बसलास. काही बोलला नाहीस.
येताना सोत्कामोपर्यंत काचेकडेच बघत होतास.
फोन नेहमीसारखा डॅशबोर्डवर, आवाज पूर्ण मोठा,
हेलसिंकीहून कधीही वाजू शकतो म्हणून.
वाजला नाही.
पण ब्लँकेट मांडीवरून घसरलं
आणि तू ते उचललं नाहीस.

मग मोटरची बारीक घरघर.
पाठ मागे. पुढे. पुन्हा मागे.
एकाहत्तर वर्षांचा माणूस,
गाव येईपर्यंत बटणाशी खेळत राहिला.

"उजवीकडे जरा जास्त तापतं," म्हणालास.
माहितीये. तिथली तार तुटकी होती, मी जोडलीय.
रविवारी उघडून बघते.