खाच

माधवगंजात नफीसच्या दुकानात
सायकलच्या चेनी आणि तुटक्या समयांखाली
डबा पडला होता. त्यानं तो तराजूत टाकला.
"पौन किलो. डिब्बा, रील, सब एक भाव."

अशी माझ्याकडे आता अकरा.
शिडीवरून पडणारा जाडा,
आगीचा बंब, ज्याला आग सापडत नाही,
एक नवरी, पळत सुटलेली,
ती कुणाकडे पळते हे कळायच्या आत रीळ संपतं.

साडेनऊ मिलिमीटरची ही जातच वेगळी.
भोकं कडेला नसतात, मधोमध असतात,
मण्याला असतं तसं.
आणि जिथे अक्षरं यायची तिथे कडेला बारीक खाच.
खाच आली की यंत्रातली नखाएवढी पट्टी तिच्यात पडते,
हँडल फिरत राहतं, चित्र थांबतं,
सगळ्यांचं वाचून होईपर्यंत.
फिल्म वाचवायची कुणा चिक्कू माणसाची युक्ती,
देव त्याचं भलं करो.

मूळचा दिवा कधीच गेला.
कंपूतल्या मेकॅनिकनं स्कूटरचा बल्ब बसवून दिलाय.
पडदा म्हणजे उशीचा अभ्रा, इस्त्री केलेला.
याहून मोठं चित्र केलं
तर माणसं फिकट होत भिंतीत जातात.

बघायचं थंडीतच.
जानेवारीत लश्करचे रस्ते आठलाच ओस पडतात,
आणि शेजारच्या इंदूताई पोतनीस
शाल गुंडाळून, स्वतःची शेगडी घेऊन येतात.
नवव्या वर्षी तापात त्यांचे कान गेले.
पुढे पहिल्या बाकावर बसून,
बाईंचे ओठ वाचून मॅट्रिक झाल्या.
"तुझ्याकडे बरं," म्हणतात,
"इथे सगळ्यांचं माझ्यासारखंच."

अकरावं रीळ छापील नव्हतं.
नाव नाही, खाच नाही.
कुणीतरी आपल्याच घरी काढलेलं:
गच्ची, वाळत घातलेले पापड,
मागे धुरकट, किल्ल्याची कड.
नऊवारीतली एक बाई उन्हाला डोळे बारीक करते,
पदर सारखा करते,
आपल्याकडे बघून काहीतरी बोलते
आणि जाते.
नऊ सेकंद. मी चाळीसदा पाहिली.
मला वाटे, काही मोठं बोलली असणार.

इंदूताई पुढे सरकल्या, अभ्र्याला नाक लागेल इतक्या.
"पुन्हा."
"पुन्हा. सावकाश फिरव."
मग त्यांच्या त्या सपाट, जरा मोठ्या आवाजात:
"पुरे करा आता. दूध उतू जाईल."

आम्ही पोटभर हसलो.
नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
म्हणजे मी बोललो नाही.

आणि मग मी मूर्खपणा केला.
सराफ्यातून सोनाराची बारीक कानस आणली
आणि दुधापाशी एक खाच पाडली.
वाटलं, थांबेल. नीट बघता येईल.
थांबली.
तोंड अर्धं उघडं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या,
शिंक अडकल्यासारखी.
ना दूध, ना पुरे.
थांबलेल्या ओठांत एकही अक्षर नव्हतं.
माझ्या मनगटावर चापट बसली.
"बाईला बोलू तरी द्यायचंस!"
शेगडी उचलून इंदूताई गेल्या.
आठ दिवस फिरकल्या नाहीत.

खाच बुजवता येत नाही. सगळं करून पाहिलं.
डब्याला आता सिरक्यासारखा वास यायला लागलाय,
फिल्म आकसते, भोकं जागा सोडतात.
नफीस म्हणतो, फेंक दो साहब.

काल ऐन मध्ये लाइट गेली.
सवयीनं मी हँडल फिरवतच राहिलो.
अंधारात ती चाललीच असणार,
पापडांवरून, पदर सारखा करत,
बघायला कुणी नाही.
इंदूताईंनी चाचपडत पेटीवर तळवा ठेवला.
टिकटिक त्यांना तिथे लागते.
"थांबली बघ," म्हणाल्या.
आणि लगेच, जरा घाईनं:
"फिरव, फिरव. चुलीवर दूध आहे तिचं."