मूठ

माहूरच्या स्टँडवरून सगळी गर्दी देवीकडं वळली,
आम्ही दोघंच गडाच्या वाटेला.
केवळामावशी म्हणाली, देवी कुठं पळून जाते?
पाय चालतायत तोवर राजाचं घर बघून घेऊ.

हत्ती दरवाजापाशी ती दोनदा टेकली.
चपला काढून हातात घेतल्या,
का, ते मी विचारलं नाही.
खाली सागाचं रान, त्यापल्याड पैनगंगा,
वाळत घालून कुणी विसरलेल्या लुगड्यासारखी.

वर एका दालनात संग्रहालय.
तिकीट पाच रुपये. एक पंखा, मान अवघडलेला.
तोफगोळे रचलेले, बाजारात कलिंगडं रचावीत तसे.
तलवारी ओळीनं, प्रत्येकीखाली पाटी:
पातं पोलादी, मूठ चांदीची, नक्षीदार.
मी वहीत उतरवून घेत होतो.

मावशी शेवटच्या पेटीपाशी थांबली,
थांबली ती थांबलीच.
"काय लिवलंय?"
मी वाचलं: लाकडी पात्र. छिद्रे तीन. उपयोग अज्ञात.

आधी ती हसली. मग इकडंतिकडं पाहिलं,
भर लग्नात आपलंच माणूस
कुणी ओळखेना म्हणून बाजूला उभं असावं, तसं.
"अज्ञात कामून? चाडं हाय की ते."

आणि काचेवर तिनं हात धरला,
बोटं अर्धी मिटलेली, अंगठा वर,
आणि सोडत गेली,
तिन्ही नळ्यांत सारखं, ना दाट, ना पातळ.
पुढं बैल नव्हते,
तरी पावलं फरशीवर सरकत होती तासातासानं.
"सासऱ्यानं मूठ मला दिली. थोरल्या जावेला नाही.
दोन वर्सं बोलली नाही ती माझ्याशी."

राखणदार वाजिदभाई स्टुलावरून उठले.
मला वाटलं, काचेला हात लावू नका म्हणतील.
म्हणाले, "मालूम है अम्मा,
आमच्या पण माळ्यावर पडलंय एक.
पाटी वरून छापून येते.
मी तोंडी सांगतो, कोणी विचारलं तर."
"विचारतात?"
"तलवार किती किलोची, ते विचारतात."

उतरताना ती गुडघ्याला शिव्या देत राहिली.
सीताफळवालीशी दहा रुपयांवरून भांडली, जिंकली,
आणि एस्टीत खिडकीशी तिला झोप लागली.
मांडीवर मूठ, जराशी उघडी.
खड्डा आला की
अंगठा हलायचा.