हातचा एक

बिशपांच्या कचेरीतून दर वर्षी एक वही येते.
रकाने पाच : तारीख, विधी, उपस्थिती, दान, शेरा.
शेऱ्याचा रकाना सर्वांत अरुंद,
माझ्या करंगळीएवढा.
मी शाळेत गणित शिकवते,
म्हणून वही माझ्याकडे.

जुलैचा दुसरा रविवार.
लेसोथोच्या डोंगरात जुलै म्हणजे भर हिवाळा.
रात्रभर बर्फ पडला, खिंड बंद,
म्हणजे फादर लेबोना पलीकडेच,
म्हणजे मिस्सा नाही, ख्रिस्तशरीर नाही,
नुसती प्रार्थना.
तरी मोखेलेनं रुळाचा तुकडा बडवला.
आमची घंटा ती,
पीचच्या झाडाला तारेनं टांगलेली.
कुठल्या खाणीतून कोणी आणली
ते विचारायचं नाही.

माणसं आली.
ब्लँकेटांच्या पिना कोणी काढल्या नाहीत.
मामोत्लात्सीनं शेगडीत गोवऱ्या घातल्या,
धूर आधी वेदीकडे गेला, मग आमच्याकडे वळला,
धूपदाणीचं काम परस्पर झालं.
बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, असा आमचा रिवाज.
पुरुष चारच, तेही म्हातारे,
आणि शेगडी उजवीकडे.
रिवाज त्या दिवशी चार पावलं सरकला.

मी मोजलं. बावीस.
पाठीला बांधलेलं, झोपलेलं मूल धरून.
लिनेओच्या पोटातलं न धरता.
तिच्या सासूनं माझ्याकडे पाहिलं,
पण नियम म्हणजे नियम.

शुभवर्तमान वाचलं म्हाताऱ्या त्सोलोनं.
चष्म्याची एकच काच शाबूत,
म्हणून दुसरा डोळा मिटून,
जणू ओळींवर नेम धरून.

फोनला रेंज एकाच जागी :
मरियेच्या पुतळ्यामागच्या खिडकीत.
मामोसेबेत्सी तिथे फोन ठेवते,
स्पीकर लावून, मरियेच्या टाचेशी.
तिचा मोसेबेत्सी वेल्कमच्या खाणीत.
तीन नाताळ झाले, आलेला नाही.
रविवारी पलीकडून ऐकतो म्हणे.
बोलत नाही.
फार तर कुठेतरी दार आपटतं,
कोणाचा तरी रेडिओ लागतो.

आम्ही गीत धरलं.
खालचा सूर पुरुषांचा, आणि पुरुष हे असे,
म्हणून हल्ली तोही बायकाच धरतात,
छातीतून, दळताना जातं धरतं तसा.
तिसऱ्या कडव्याला
फोन खोकला.

एकदा. मग थांबून दोनदा.
कोरडा, तळाशी काहीतरी खरवडणारा.

गीत थांबलं नाही. गीत असं थांबत नसतं.
पण मामोसेबेत्सी मटकन बसली
आणि शेजारणीला म्हणाली, मोठ्यानंच,
"हा त्याच्या बापाचा खोकला."

बाप टेकडीमागे आहे, बारा वर्षं झाली.
खाणीची धूळ.
नोंद मीच केली होती, मृतांच्या वहीत.
त्या वहीत शेऱ्याला रकानाच नाही.

मग सर्वांसाठी विनंत्या.
पोपसाठी नेहमीची, पावसासाठी नेहमीची.
त्सोलोनं कागदाची घडी घातली
आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना.
तेव्हा मामोत्लात्सी उठली,
खिडकीशी गेली, आपलं ब्लँकेट सोडलं
आणि फोनभोवती गुंडाळलं,
खांद्यांवरून घ्यावं तसं,
पिनसुद्धा लावली.
कोणी हसलं नाही.
लोकरीतून आवाज आला :
"आई?"
आणि रेंज गेली.

दान : अकरा मालोती, ज्वारी एक डबा,
अंडी चार, त्यातलं एक तडकलेलं.
शेरा : बर्फ. फादर नाहीत.
एवढंच मावलं.

उपस्थितीत बावीस लिहिलं.
मुलांना मी सांगत असते,
बेरजेत जो मावत नाही तो टाकायचा नसतो,
वर बारीक लिहून ठेवायचा, पुढच्या घरात धरायचा.
बावीसच्या डोक्यावर
पेन्सिलीनं एक काढला.
कचेरीतून विचारलं तर सांगेन काहीतरी.

खिंड मंगळवारी उघडली.
पहिल्याच टॅक्सीत मामोसेबेत्सी होती,
मांडीवर मक्याच्या पिठाची पिशवी,
अंगावर दोन ब्लँकेटं.