दहानंतर

कॅसेटवर निळ्या पेनाने लिहिलेलं: करेज्म, अठ्ठ्याऐंशी.
बुरशी होती. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून
मी फीत वीतभर पुसली, मग हातभर,
मग एक सबंध रविवार.

डिचोलीच्या आमच्या दुकानात
आजवर आरत्या दुरुस्त झाल्या, नाटकांच्या नांद्या,
एका वारलेल्या वकिलाची उलटतपासणी.
हे पहिल्यांदाच:
बाक सरकल्याचा आवाज,
कुणी व्हायोलिनचे कान पिळतंय,
आणि मग एक बाई
हळदोण्याच्या इगर्जीत
छताला लागेल इतकी उंच उभी राहते
नुसत्या गळ्याने.

दार उक्तें दवर.

जोव्हिटोने एवढंच घेतलं. चार सेकंद.
पुढची ओळ नको म्हणाला,
पुढची आली की प्रार्थना संपते,
आपल्याला संपवायचं नाहीये.
खाली ठोका घातला, मिनिटाला एकशे बावीस.
तिला मागे फिरवलं, पुन्हा आणलं,
दार उक्तें, दार उक्तें, दार,
उंबऱ्याशी अडलेल्या वासरासारखं.

मधे कुणीतरी खोकलं होतं.
तो मी काढला.
खोकल्याचे दोनशे वेगळे घेतले.

गाणारी जिवंत आहे हे गाणं निघाल्यावर कळलं.
त्याच्या आईची मावशी, एस्कोलास्तिक.
हणजुणच्या टेकडीवर तिला रिक्षातून आणली:
फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पर्स,
पर्समध्ये आणखी एक पर्स.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसली
आणि दहा वाजले.

दहाला भोंगे बंद. कायदा आहे.
मग जो तो हेडफोन चढवतो,
प्रत्येक कानावर एक निळा दिवा,
आणि दोनशे माणसं नाचतात
बिनआवाजाची.
ऐकू येतात फक्त तळवे
जांभ्याच्या खड्यांवर,
अंधारात कुणी सुपाने तांदूळ पाखडतंय तसे.

मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवला.
आधी तिला स्वतःची ओळख पटली नाही.
मग पटली, आणि ती खुर्चीत सरळ झाली.
म्हापशाच्या स्टँडवर गाडी आली की
पाटी वाचायला माणूस पुढे होतो ना,
तशी प्रत्येक वेळी ती
जराशी पुढे झाली, पुढच्या ओळीसाठी.
गाडी दुसरीच निघायची.

आठ-दहा वेळा असं झाल्यावर तिने हेडफोन काढला.
विचारलं, रुझार खंय?
मला वाटलं, सोबत कुणी आलं होतं.
नाही. खोकणारा.
घंटा वाजवायचा तो. दर वर्षी
नेमका त्याच जागी खोकायचा,
आणि कॉयर चालवणारा मेस्त
गाणं न थांबवता
नुसता वळून बघायचा त्याच्याकडे.

साफ केलं, मी म्हणालो.
हाच शब्द मी दुकानाच्या पाटीवर लिहिलाय,
लाल अक्षरांत. तिथे तो इतका जड नाही.

ती काही बोलली नाही.
हेडफोन मांडीवर, मांजर असावं तसा.
नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिली,
भात शिजलाय का बघतात तितक्या बारकाईने.
दोनशे हात वर गेले,
म्हणजे आत्ता सगळ्यांच्या कानांत ‘दवर’,
आणि त्या मोकळ्या जागेत
तिने उरलेली ओळ ठेवली:

हांव वाटेर आसां.

आवाज आता छतापर्यंत जात नाही.
खुर्चीच्या हातापर्यंत जातो.
पुन्हा हात वर. पुन्हा ती.
एकदाही चुकली नाही.
ऐकणारे तिघे: लिंबं कापणारा झारखंडचा पोरगा,
शेजारच्या भिंतीवरचं कुत्रं, मी.
पोराची सुरी थांबलेली.

चौथ्या की पाचव्या वेळी
मी खोकलो.
मुद्दाम. घसा ठणठणीत होता.

तिने ओळ न तोडता
मान वळवली
आणि मेस्तासारखं
पाहिलं माझ्याकडे.